बांधावरून कापलेला वाफा

दादा त्या सकाळी घासात वाकून काय बघत होता?

एका गावात एक धाकटा भाऊ होता. भेटेल त्याला तो हा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवत, "जाऊ दे बाबा" म्हणत आणि आपल्या वाटेला लागत.

झालं होतं असं. त्याच्या थोरल्या भावाने डोंगरापलीकडच्या बाजारातून लसूणघासाचं बी आणलं होतं. हा चारा त्या गावात कधी कुणी लावला नव्हता. एकदा पेरला की कापावा तसा पुन्हा फुटतो आणि वर्षानुवर्षं गोठा सांभाळतो, एवढंच थोरल्याने घरी सांगितलं होतं. पहिली कापणी कधी करायची, ते त्याच्या मनातच राहिलं. घास पोटरीला लागला तेव्हा एका सकाळी तो वाफ्यात उतरला, वाकला, बुडाशी हात घातला आणि त्याला नाग डसला. ऊन चढायच्या आत तो गेला.

मागे उरली वहिनी, तिचं तान्हं मूल, ढवळी नावाची गाभण गाय आणि घासाचे चार वाफे.

दिवसकार्य आटोपलं तोवर गोठ्यातला कडबा सरत आला होता.

"भावजी, ढवळी दावं चघळायला लागलीय," वहिनी म्हणाली. "तिच्यापुढे काहीतरी टाकायला हवं."

धाकटा विळा घेऊन शेतावर गेला आणि बांधावरच थांबला. घास गुडघ्याला आला होता. वाऱ्याने तो हलला की धाकटा एक पाऊल मागे सरायचा. पण तो पहिल्यापासून उतावळा. डोक्यात आलं की हातून झालंच. त्याने बांबूच्या टोकाला विळा बांधला आणि बांधावर उभं राहूनच पहिला वाफा सपासप झोडून काढला. कुठे नुसते शेंडे उडाले, कुठे झाड मुळासकट उपटून आलं.

शेजारचा म्हातारा वाटेने चालला होता. तो थांबून बघत राहिला.

"काठीला विळा बांधून कापणी? उद्या शिडीवर बसून भाकरी खाशील."

"आबा, तुम्ही उतरता का आत?"

म्हाताऱ्याने पागोटं सारखं केलं आणि तो चालू लागला.

तो चारा ढवळीने दोन घटकांत संपवला. धाकट्याने कापलेल्या वाफ्याला पाणी दिलं, परत दिलं. रोज बांधावर जाऊन तो वाट बघायचा. खुंट पिवळे पडले, मग तपकिरी झाले. एकही पान फुटलं नाही. दादाने लावलेलं आपल्या हातून मेलं, हे त्याला कळलं. त्या दिवसापासून त्याला नागाइतकीच स्वतःच्या हातांचीही भीती वाटू लागली. बी आता कुठून आणणार? डोंगरापलीकडच्या नेमक्या कोणत्या बाजारातून दादाने ते आणलं, तेही त्याने विचारलं नव्हतं.

उरलेल्या तीन वाफ्यांत तुरळक जांभळी फुलं दिसू लागली. वहिनी पाला आणून गाय कशीबशी जगवत होती. गाव सल्ले द्यायला कमी करत नव्हतं. एक म्हणाला, "फूल आलं, आता काप, नाहीतर नुसत्या काड्या होतील." दुसरा म्हणाला, "बी धरू दे." तिसरा म्हणाला, "नांगर फिरव त्याच्यावर. नाग काय घर बदलतो होय?"

तिसरं धाकट्याला पटलं. शेतच नसलं तर भ्यायचं कशाला? तो नांगर मागायला निघाला.

वहिनी दारात उभी होती. "फिरवा नांगर," ती शांतपणे म्हणाली. "पण मग ढवळीला काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा." आणि ती आत गेली.

धाकटा तसाच फिरला आणि काठी घेऊन शेतावर गेला. बांधावरून त्याने जमिनीवर काठी आपटली. थांबला. आत नाग असेल तर त्याला जायला वेळ द्यावा, एवढंच त्याला सुचलं. मग एक पाऊल टाकलं, पुन्हा काठी, पुन्हा थांबणं. वाफ्याच्या मधोमध तो वाकला आणि काठीने काड्या बाजूला केल्या. खाली ओलसर अंधार होता. काहीच हललं नाही, आणि तेच त्याला जास्त भयंकर वाटलं.

त्याने हात घातला.

मातीलगत, प्रत्येक झाडाच्या बुडाशी, गव्हाच्या दाण्याएवढे कोवळे कोंब आले होते. जुन्या घासाखाली पुढचा घास तयार होऊन बसला होता. तो मेलेल्या वाफ्यात धावला आणि तिथले खुंट चाचपले. बोडके होते. कोंब यायच्या आधीच त्याने कापणी केली होती.

दादा हेच बघत होता.

धाकटा तिथेच मातीत बसला आणि पोटभर रडला. मग डोळे पुसून उठला. कोंबांना धक्का लागू न देता, वर बोटभर खुंट ठेवून, त्याने खाली बसून दोन वाफे कापले. ओल्या घासाने गाईचं पोट फुगतं म्हणून तो उन्हात सुकवला आणि दुपारी ढवळीपुढे टाकला. सगळा संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

चौथा वाफा त्याने तसाच ठेवला आणि वहिनीला बोलावून आणलं. ती बांधावरच थबकली.

"मला नाही जमायचं, भावजी. पाय उचलत नाहीत."

"माझेही उचलत नाहीत. पण दादाला वाटलं, सांगायला उद्याचा दिवस आहे. मला तसं नाही वाटत."

त्याने काठी आपटली आणि बराच वेळ थांबला. मग काड्या बाजूला करून आधी आपला हात बुडाशी घातला आणि तिथेच ठेवला. वहिनी हळूहळू आली, वाकली. तिच्या बोटांना कोंब लागेपर्यंत त्याने हात काढला नाही.

तात्पर्य: भ्यालेला हात दुरूनच कापतो, आणि दुरून कापलेलं पुन्हा फुटत नाही. भीती सोबत घेऊन का होईना, जवळ जाऊन बघावं; आणि जे दिसेल ते आपल्या माणसांना आजच दाखवून ठेवावं.