येसबाची रिकामी जागा

वाघजरीच्या आठवडी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, पण चिंचेखालची चार हात जमीन कुणी धरत नाही. तिथे गवतसुद्धा उगवत नाही. ती येसबा कुंभाराची जागा, असे सांगतात.

एके काळी येसबाच्या मडक्यावाचून गावात चूल पेटत नव्हती. मग घाटावरून बैल लादून तांब्यापितळेचे व्यापारी येऊ लागले आणि गाव हुरळले. भांडे कसे लखलखते, फुटत नाही, दारात घासायला बसले की शेजारणीला दिसते. येसबा मात्र दर बाजारी सात मडकी मांडून बसायचा आणि संध्याकाळी तीच सात घरी न्यायचा. शेजारचा रखमाजी एकदा चारचौघांत म्हणाला, "येसबा, तुझं मडकं आता मेल्यावरच घिऊ." सगळे हसले. येसबाही कसनुसा हसला, पण त्यानंतर त्याने मडकी भाजायचा आवा पेटवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. मसणात विस्तव न्यायला मातीचेच मडके लागते, हे गावाला तेव्हा आठवले. एकेक जण दारात येई, येसबा मुकाट्याने मडके देई. सहा गेली. सातवे त्याने मागे ठेवले, कारण आत त्याची बायको भागू पटकीनेच पडली होती. तेवढ्यात रखमाजी आला. त्याचा तरणा मुलगा गेला होता. येसबा म्हणे जागचा हलला नाही. आतून भागूच बोलली, "द्या वो त्यास्नी. म्या हाय अजून."

दिवस मावळायच्या आत ती गेली. येसबाने घाईने चाक फिरवले, कच्च्याच मडक्यात विस्तव घातला आणि निघाला. चिंचेखाली ते दुभंगले. रखमाजी तांब्याची घागर घेऊन धावला, पण येसबाने तिच्याकडे पाहिलेही नाही. त्याने निखारे ओंजळीत उचलले आणि मसणापर्यंत नेले. ते हात पुन्हा चाकाला लागले नाहीत. पोरबाळ नव्हते, विद्या तिथेच संपली. गावाला लाज वाटली, पण फार उशिरा. तेव्हा सगळ्यांनी आण घेतली की बाजारात पहिली खरेदी मडक्याची आणि येसबाच्या जागेवर कुणी बसायचे नाही.

आजही वाघजरीत भाजीच्या आधी मडके घेतात आणि चिंचेकडे बघून हात जोडतात. मडकी तालुक्याहून टेम्पोने येतात, गावात कुंभाराचे घर नाही. यंदापासून काही घरी मडकेही मोबाइलवरून मागवतात. खोक्यात, कागदाच्या कपट्यांत गुंडाळून दारात येते. फुटके निघाले तर बदलून देतात.