पाणहाक

त्या खोऱ्यात बिळं पुष्कळ होती आणि एकमेकांकडं जायला कुणाला सवड नव्हती. म्हणून वेल होती.

वेल पोकळ होती. वरच्या कड्यापासनं निघून नदीच्या काठाकाठानं, मातीखालनं, बिळाबिळातनं खालपर्यंत गेलेली. एका बिळात तिच्यात तोंड घालून बोललं की दुसऱ्या बिळात ऐकू यायचं. कसं, तर घशात माती भरल्यासारखं. मधेच तिसऱ्याच कुणाचं भांडण घुसायचं. सशाची बायको सशाला काय म्हणाली ते घोरपडीला कळायचं, आणि घोरपडीला कळलं म्हणजे गावजेवण झालं. पण वेल जिती होती. जमिनीतनं आपलं आपण पाणी ओढायची. उजेड मागायची नाही, उघडीप मागायची नाही. वर काय वाट्टेल ते होऊ दे, मातीखाली ती चालू असायची.

वेलीची राखण घुशींकडं होती, आणि घुशी कामाच्या बाबतीत घुशीच. वेल पिचली म्हणून बोंब मारली तर चांगली पौर्णिमा उलटल्यावर यायच्या, नवीन भोक पाडून आत बघायच्या, "खराबी वरनंच हाय" म्हणायच्या, बिळातले कंद खायच्या आणि जायच्या. पाडलेलं भोक तसंच.

खोऱ्यात एक रिवाज होता. साळिंदरं रात्री हिंडतात, दिवसा झोपतात. नदीला ते कुणी सांगितलेलं नाही. म्हणून वरच्या बिळातल्यानं दिवसा एक डोळा उघडा ठेवायचा. नदीचं पाणी काठावरच्या काळ्या खडकाला टेकलं की आधी वेलीत तोंड घालून खालच्याला हाक द्यायची, स्वतःचं बूड मागनं हलवायचं. ह्याला पाणहाक म्हणत. खालच्यानं वेलीला कान लावून झोपायचं. वेल गप म्हणजे पाणी खाली. एवढ्या भरवशावर किती पिढ्या घोरत पडल्या त्याला मोजमाप नाही.

वरच्या बिळात थोरला साळिंदर राहायचा. खाली, काठाच्या सखल बिळात, त्याचा धाकटा भाऊ, धाकट्याची बायको आणि दोन पिल्लं. पिल्लांचे काटे अजून मऊ होते, आईला कुशीत घेता यायचं.

थोरला मनानं वाईट नव्हता. पण डोकं असं, की वारा उलटा आला तरी काटे उभे. बायको मेलेली, एकुलती लेक डोंगरापल्याड दिलेली. तिकडं वेल जात नव्हती. लेकीचा आवाज त्यानं लग्नाच्या दिवशी ऐकला तो शेवटचा. त्यावर तो कुणाशी बोलायचा नाही. नुसता चिडायचा.

मग खोऱ्यात राघू आले.

हिरवेगार, चोची लालभडक, बोलणं तुपातलं. बिळाबिळाच्या तोंडाशी बसून मान लववायचे.

"नमस्कार. आपण अजून वेलीतच बोलता का?"

"मग काय आभाळात बोलू?" थोरला म्हणाला.

"आभाळातच. आपण आमच्याशी बोलायचं, आम्ही उडत जाऊन आपल्याच आवाजात तिकडं बोलणार. डोंगराच्या पल्याडसुद्धा. बदल्यात चार बोरं."

"चल नीघ हितनं. काटा घालीन."

राघू निघाला. दुसऱ्या दिवशी परत आला, आणि काही न विचारता चोच उघडली. आतनं लेकीचा आवाज आला. हुबेहूब. कणभर खरखर नाही.

"आबा, जेवला का? हिकडं समदं बरं हाय. तुमी चिडचिड कमी करा."

थोरला बिळात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा चार बोरांच्या जागी टोपलंभर बोरं घेऊन आला.

त्यात लबाडी काही नव्हती, हेही सांगायला पाहिजे. राघू खरंच बोलायचे, खरंच पोचायचे. ससा आजोळी बोलला. घोरपड तर बसल्या जागी अख्ख्या रानाशी बोलायला लागली, खाणंपिणं विसरली. एकेक बीळ राघूंकडं गेलं. वेलीत कुणी तोंड घालेना.

धाकट्यानं एकदा वेलीतनं विचारलं, "दादा, ते पाखरू पावसात उडतंय का?"

थोरल्यानं दारातल्या राघूला विचारलं. राघू हसला. "पाऊस काय रोज असतो?"

"ऐकलंस? पाऊस काय रोज आसतो?" थोरला वेलीत ओरडला.

"रोज नसतो दादा. पर जवा आसतो तवाच तर हाक लागती."

"तू लय शाणा. बापाच्या काळातली वेल गळ्यात बांधून बस."

"बांधून बसतो की. माझं बीळ खाली हाय. तुझं वर हाय."

थोरल्याला राग आला. धाकटा खरं बोलला की त्याला जास्त यायचा.

हिवाळ्यात वेल बिघडली. नुसती घुरघुर, झोपू देईना. थोरल्यानं घुशींना सांगावा धाडला. घुशी आल्या त्या ढेकर देत आल्या. त्यांच्यातली म्होरकी, ढोली नावाची, वेलीवर पाय टाकून बसली.

"खराबी वरनंच हाय."

"म्हातारे, वर मीच राहतो. माझ्या वर आभाळ हाय. आभाळात वेल हाय व्हय?"

"आता माणूसबळ न्हाई आमच्याकडं," ढोली म्हणाली. घूस असून असं म्हणाली. "निम्म्या घुशी राघूंची घरटी साफ करायला गेल्या. तुमीच गेला राघूंकडं, आन् आता आमच्या नावानं शिमगा. बघू, फुडल्या पौर्णिमेला."

"आन् कंद खाल्लंस ते?"

"ते यायचं. दुरुस्तीचं येगळं."

थोरल्याचे सगळे काटे उभे राहिले. साळिंदराला राग आला की त्याला दोनच गोष्टी येतात, काटे फेंदारणं आणि कुरतडणं. ढोलीला काटा मारता आला नाही, ती पळाली. मग त्यानं वेल धरली आणि करकर करकर कुरतडून टाकली. मुळापाशी. पांढरा चीक वाहिला. दारातला राघू म्हणाला, "योग्य निर्णय." थोरल्याला तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं.

राग उतरला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की वेल एकच होती. वरनं तुटली म्हणजे खालीही मेली.

धाकट्याला सांगायला पाहिजे होतं. सांगू सावकाश, म्हणून त्यानं टाळलं. बापानं राखलेली वेल भांडणात कुरतडली, हे भावाला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि राघूतोंडी सांगायचं म्हणजे राघूच्या गोड आवाजात, नाही, स्वतःच्याच आवाजात. ते आणखी वाईट. उन्हाळा आला तरी त्यानं सांगितलं नाही.

धाकट्याला वाटलं, दादा रुसलाय. दादा रुसणं नवीन नव्हतं. अधनंमधनं राघू यायचा, दादाची खुशाली सांगायचा. धाकटा म्हणायचा, "बरं हाय म्हणावं. आन् कवातरी वेलीत बी बोल म्हणावं, पोरं आवाज वळखत न्हाईत तुझा." राघू तेवढं नेऊन जसंच्या तसं थोरल्याला ऐकवायचा. थोरला ऐकायचा आणि राघूवर खेकसायचा, "कळलं, जा."

पावसाळ्यात एक दिवस असा उगवला की उगवलाच नाही. ढग झाडांच्या शेंड्यावर बसले. वर डोंगरात कुठंतरी आभाळ फाटलं असणार, कारण इथं पाऊस सुरू व्हायच्या आधीच नदीचा रंग बदलला. मग इथंही पाऊस कोसळायला लागला. थोरल्याचा एक डोळा उघडा होता. ते मात्र त्यानं सोडलं नव्हतं. पाणी काळ्या खडकाला टेकलेलं त्यानं बघितलं, आणि सवयीनं वळून वेलीच्या जागी तोंड घातलं.

तोंडात माती आली.

तो थुंकत बाहेर आला. दारातल्या झाडाच्या पोकळीत राघू बसला होता.

"राघू! ऐक. धाकट्याला जाऊन सांग. धाकट्या, ऊठ. पाणी आलं. पोरं काढ. सांग."

"आपला निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"आरं महत्त्वाचा हाय ते मला कळतंय. जा!"

"निरोप घेतला आहे," राघू म्हणाला.

थोरल्याला वाटलं, झालं. हाक गेली. आता आपलं बघावं. तो बिळात शिरला, कंद तोंडात धरून वरच्या कपारीत नेऊन ठेवायला लागला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्या पोकळीतनं हिरवं शेपूट बाहेर आलेलं त्याला दिसलं. कोरडं ठणठणीत.

"आरं, तू हितंच?"

"पंख ओले होतात," राघू शांतपणे म्हणाला. "काळजी नसावी. निरोप सुरक्षित आहे. उघडीप झाली की पोचवण्यात येईल."

थोरल्यानं कंद तिथंच टाकले आणि उतारावरनं पळत सुटला.

साळिंदर पळायला केलेलं जनावर नाही. पाय आखूड, अंगावर काट्यांचा भारा, खाली चिखल. वाटेत ससा बिळाच्या टेकाडावर उभा राहून वर झाडात बसलेल्या राघूला शिव्या देत होता. घोरपड झाडाला चिकटून, "माझं बोलणं गेलं का? गेलं का?" एवढंच विचारत होती. सगळ्या झाडांतनं राघू चोची पंखात घालून बसले होते, आणि प्रत्येकाच्या पोटात कुणाची ना कुणाची हाक होती. पळता पळता थोरला घसा फोडून ओरडत होता. नदीचा आवाज त्याच्याहून मोठा होता.

तो पोचला तेव्हा सखल बिळाचं तोंड दिसत नव्हतं. तिथं तपकिरी पाणी गोल गोल फिरत होतं.

धाकटा वरच्या काठावर बसला होता. अंगाला चिखल, एका बाजूचे काटे मोडलेले. त्याची बायको बिळाच्या मागच्या तोंडाशी माती उकरत होती. उकरेल तेवढी माती परत खाली घसरत होती. पाठीला पाणी लागलं तेव्हा दोघं जागी झाली होती. पिल्लं सगळ्यात आतल्या, सगळ्यात खालच्या, ऊबदार कोपऱ्यात निजवलेली होती. धाकटा दोनदा आत बुडी मारून आला होता.

"दादा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी कान लावूनच झोपलो होतो."

थोरल्यानं फिरत्या पाण्यात पाय घातला आणि मागं घेतला.

"वेल गप होती. म्हणून मी म्हटलं पाणी खालीच आसंल. हिनं उठवलं होतं एकदा. म्हणाली, नदीचा वास येतोय. मी म्हटलं, झोप, दादा वर बसलाय."

बायको उकरायची थांबली. थोरल्याकडं बघितलं. "भावजी, तुमी हाक दिली न्हाई?"

"दिली." थोरल्याला श्वास पुरेना. "दिली. पर वेल न्हाई. वेल मीच तोडली."

"कवा?" धाकट्यानं विचारलं.

"हिवाळ्यात. घुशींचा राग आला म्हणून."

धाकटा मान हलवत राहिला, कुणीतरी पीकपाणी सांगावं आणि आपण ऐकावं तसा. बायकोनं पुन्हा उकरायला घेतलं. थोरलाही तिच्या शेजारी जाऊन उकरायला लागला. तिनं त्याला हाकललं नाही. जवळही केलं नाही. उकरता उकरता पाऊस कमी झाला. दुपार कलली तशी ढगाला भेग पडली, आणि ओल्या काठावर ऊन आलं. चांगलं स्वच्छ ऊन.

पंखांची फडफड झाली.

राघू आला, धाकट्याच्या पुढ्यातल्या दगडावर बसला. पंख झटकले, मान लववली, चोच उघडली. आवाज थोरल्याचा होता. हुबेहूब. त्यातली घाईसुद्धा तीच.

"धाकट्या, ऊठ. पाणी आलं. पोरं काढ."

थोरला तिथंच उभा होता, पंज्याला चिखल, तोंड मिटलेलं.

राघू आपल्या आवाजात आला. "निरोप पोचला. आवाज स्पष्ट होता का?"

धाकटा त्याच्याकडं बघत राहिला. बायकोचे पंजे थांबले. नदी ओसरत होती, काठाची माती फुगेफुगे सोडत होती. राघूनं मान एका बाजूला कलती करून वाट बघितली. उत्तर आलं नाही. निरोप नीट पोचला नसावा असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा चोच उघडली.

"धाकट्या, ऊठ. पाणी आलं. पोरं काढ."