अस्वल्याचा दुसरा कान

हत्यारंही आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. धनगराच्या पालावर अस्वल्या नावाचा झिपरा राखणदार कुत्रा होता. गोखरूचे काटे अडकून त्याच्या दोन्ही कानांमागे केसांच्या गाठी झाल्या होत्या आणि खालची कातडी सडायला लागली होती.

"मेंढीसारखा उताणा पाडा, आत्ता मोकळा करते," लोकर कातरणारी कातर म्हणाली. दोनदा ती त्याला भिडली आणि दोन्ही वेळा अस्वल्यानं तिला दातांत धरून भिरकावून दिलं.

फणीनं मात्र मनाशी पक्कं केलं, की गाठ सोडवायचीच, पण त्याला न दुखवता. ती मुळाशी गेलीच नाही. तिनं केसांच्या टोकापासून सुरुवात केली. अस्वल्यानं मान वळवली, की ती थांबे आणि मग पुन्हा टोकापासून लागे.

"थांबलीस का?" अस्वल्या गुरगुरला.

"तू मान वळवलीस ना."

अस्वल्यानं आपणहून कान पुढे केला.

दिवस मावळताना त्या कानामागचा शेवटचा काटा गळून पडला. कातर खो खो हसली. "एका कानाला अख्खा दिवस! अगं बये, असं कुठं असतं का?"

फणी काही बोलणार, तोच अस्वल्या उठला, कातरीला ओलांडून फणीपाशी आला आणि त्यानं दुसरा कान तिच्यापुढे टेकवला.