जागृत सिलिंडर

वस्तूंना अजून वाचा होती त्या काळी, एका विद्यापीठाच्या रसायनशाळेत आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. विद्यापीठावर कोणती संकटं येऊ शकतात हे शोधायला नेमलेल्या जोखीम समितीने आगीचा धोका ओळखला आणि उपाय म्हणून दर खंडेनवमीला सिलिंडरची यथासांग पूजा सुरू केली.

आधी सिलिंडर खूश झाला. पण हळूहळू त्याचा दाब दाखवणारा काटा कुंकवाखाली दिसेनासा झाला आणि पिनेला लिंबू-मिरची लोंबू लागली. "अहो, फुलं नकोत, मला चालवायचं कसं ते शिका," तो कुलसचिव मांडवगण्यांना म्हणाला.

मांडवगणे गहिवरले. "ऐकलंत? देव बोलतो!" म्हणत त्यांनी पेढे ठेवले.

एका दुपारी स्पिरिटचा दिवा कलंडला आणि पडदा पेटला. "पिन ओढा, पिन!" सिलिंडर जीव तोडून ओरडला. समिती धावत आली आणि दारातच चपला काढत बसली.

"पारोशाने हात लावायचा नाही हं!" मांडवगण्यांनी बजावलं. मग सकाळी आंघोळ कोणी केली होती, यावर वाद पेटला.

तोवर सिलिंडरचे सगळे सोबती, टेबलं, कपाटं, काचेच्या नळ्या, त्याच्या डोळ्यांदेखत खाक झाले. काळ्या भिंतीवर तो एकटा उरला.

मांडवगण्यांचे डोळे पाणावले. "सगळं गेलं, पण याला धगसुद्धा लागली नाही! केवढं जागृत दैवत!"

सिलिंडर काही बोलणार, तोच त्यांनी त्याच्या नळीत पेढा कोंबला.