उलटी खुर्ची

एकदा एक वृद्ध संकलक आपल्या शिष्येबरोबर चित्रपट महोत्सवाला गेले. इतरांचे चित्रपट कापण्या-जोडण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. पोस्टरवर नाव कधी मोठ्या अक्षरांत आलं नाही, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. शिष्येचा मात्र हा पहिला चित्रपट होता. स्वतः लिहिलेला, स्वतः उभा केलेला, पाठीशी कुठलीही मोठी संस्था नसलेला.

महोत्सव थाटाचा होता. तो थाट कुणासाठी, हे पहिल्याच दिवशी कळलं. मान्यवरांच्या सत्काराला मोठं सभागृह आणि अख्खी संध्याकाळ. नवख्यांच्या चित्रपटांना सकाळी नऊची वेळ आणि तळघरातला छोटा पडदा. त्यावर कडी अशी, की त्याच नऊ वाजता वर मोठ्या सभागृहात एका नामवंताचं मार्गदर्शन ठेवलेलं. विषय, ‘आपला चित्रपट कसा विकाल?’ म्हणजे ज्यांना शिकवायचं त्यांचेच चित्रपट तेव्हा खाली चालू! हे वेळापत्रक आखणाऱ्यानं आयुष्यात कधी चित्रपट केला असेल, असं वाटत नाही.

शिष्या तळघराच्या दारातच भडकली. “आत अकरा माणसं आहेत, अण्णा! त्यातली दोन नुसती एसीला आलीत.”

“मग नऊ उरली,” अण्णा म्हणाले.

“मी वर जाते. शेवटी येईन प्रश्नोत्तरांना. सगळे दिग्दर्शक तेच करतात.”

खोटं नव्हतं ते. दिवे मालवले की दिग्दर्शक बाहेर चहा घेत गप्पा छाटतात, आणि नामावली वर सरकू लागली की टाळ्या घ्यायला आत शिरतात. पण शनिवारी तिचा चित्रपट स्पर्धेत परीक्षकांसमोर जाणार होता. त्यात काही बदल करायचा, तर नवी प्रत आज संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती. ‘मधे कुठेतरी झोपतोय तुझा चित्रपट,’ असं अण्णा महिनाभर सांगत होते. तिला ते पटत नव्हतं.

अण्णांनी डोअरकीपरची लोखंडी खुर्ची मागून घेतली, आत नेली आणि पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ करून ठेवली.

“बस.”

“अशी उलटी? लोक हसतील, अण्णा.”

“हसू देत. कधी हसतात तेवढं लक्षात ठेव.”

ती रागारागानं बसली. कितीही वाद घातला, तरी गुरूंचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

चित्रपट एका विधवा शिंपिणीचा होता. शिष्येला आता तो फक्त ऐकू येत होता. समोर होते ते पडद्याच्या उजेडात उजळणारे अकरा चेहरे. खाडीचा देखावा आला. त्या एका प्रकाशासाठी ती नऊ पहाटा चिखलात उभी राहिली होती. संगीत चढलं, आणि एक मान खाली गेली. मग दुसरी. तिसऱ्याच्या हनुवटीवर मोबाइलचा निळा उजेड पडला. कुणीतरी खोकलं, तशी खोकल्याची साथच सुरू झाली. तीन मिनिटं. खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले. उठून ‘अहो, बघा तरी!’ असं ओरडावंसं वाटलं.

मग शिंपिणीनं बटणांचा डबा उपडा केला. मनासारखं बटण सापडेना, तेव्हा तिनं स्वतःच्या ब्लाउजचं काढून गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावलं. इथे कॅमेरा हलला होता, म्हणून हा प्रसंग शिष्या काढूनच टाकणार होती. आता कुणी खोकत नव्हतं. एसीला आलेले दोघेही पुढे वाकले होते. आणि उशिरा आलेल्या कुणाला आत सोडून डोअरकीपर दाराचा पडदा हातात धरून तसाच उभा होता, सोडायचं विसरून.

बाहेर येताच तिनं अण्णांना गाठलं. म्हणाली, “खाडी मेली, अण्णा. तुम्ही खाडीचं नाव घेऊन का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर माझ्याशी भांडली असतीस. त्या मानांशी कशी भांडशील? वर चित्रपट विकायला शिकवतात. शिकावं तेही. पण तो कुठे जगतो आणि कुठे मरतो, हे शिकवणारे गुरू खाली बसलेत, अंधारात. आणि तू अकराच म्हणून त्यांच्यावर रुसली होतीस. अगं, अकरा होते म्हणून एकेक चेहरा वाचता आला.”

साडेपाचला नवी प्रत जमा झाली. खाडी नऊ सेकंद उरली होती. डबा होता तसाच होता, हलत्या कॅमेऱ्यासह.

शनिवारी सभागृह भरलं. बाहेरून छायाचित्रकारांनी हाका मारल्या, “मॅडम, एक फोटो!” ती थांबली नाही. आत डोअरकीपर वाटच पाहत होता.

“खुर्ची ठेवलीय, मॅडम. उलटीच. मी उभ्यानं बघतो आज, बटणं यायचीत ना?”

ती पडद्याकडे पाठ करून बसली. दिवे मालवले. या खेपेला हात मांडीवर सैल होते.

मान्यवरांच्या खुर्च्यांची तोंडं पडद्याकडेच असायची. महोत्सवात शिकायला आलेल्यानं आपली तेवढी फिरवून घ्यावी.