चिमूटभर मिठाच्या वशाची कहाणी

ऐका माठातल्या जलदेवी, तुमची कहाणी. एका आटपाट नगरात एक राजा होता. त्याची राणी हेमावती. नवसासायासानं तिला लेक झाली, नाव ठेवलं बकुळा. बकुळा वर्षाची झाली, रांगू लागली, सापडेल ते तोंडात घालू लागली. एके दिवशी तिला जुलाब लागले. एक झाला, दोन झाले, दुपारपर्यंत दहा झाले.

मग राजवैद्य आले. पगडी काढली, पगडी घातली, म्हणाले, "वरून ओताल तर खालून वाहील. सगळं बंद!" पाणी बंद केलं, दूध बंद केलं, पेज बंद केली. जुलाब काही बंद झाले नाहीत. पोरीचे डोळे खोल गेले, टाळू खाली बसली. राणीच्या तोंडचं पाणी पळालं.

इतक्यात मागल्या दारी गजरा परटीण भांडत आली. "राणीसाहेब, सकाळपासून दुपटीच धुतेय! लेकराला पाजता तरी काय?"

"काही नाही गं बाई."

"काहीच नाही? अहो, अंगातलं एवढं पाणी गेलं, ते परत कोण घालणार?"

राणीनं तिचे पाय धरले. "काय वसा असेल तो सांग."

"वसा सोपा आहे, पण कंटाळवाणा आहे. पेलाभर पाणी उकळावं, निववावं. त्यात चिमूटभर मीठ घालावं, चाखावं. आसवांहून खारट लागलं तर ओतून द्यावं. मग सपाट चमचाभर साखर घालावी. घोटाघोटानं पाजावं. जुलाब झाला, पाजावं. ओकली, जरा थांबून पुन्हा पाजावं. अंगावरचं दूध तोडू नये. पिईना, उठेना, तर गाडी जुंपून शहाणा वैद्य गाठावा."

"चमचा सोन्याचा हवा का?"

"धुतलेला हवा."

मग राजा पुढं झाला, आपल्या हातानं मीठ घातलं. राजाचीच चिमूट ती, मूठभर भरली. परटिणीनं चाखलं, तोंड वाकडं केलं, मोरीत ओतलं. दुसऱ्यांदा राजा साखर विसरला. तेही ओतलं. तिसऱ्यांदा राणीनं केलं, ते जमलं.

मग राणीनं पाजलं. पोर शालूवर ओकली. राणी थांबली, पुन्हा पाजलं. पोरीनं राजाच्या मांडीवर जुलाब केला. राजा उठू लागला. परटीण म्हणाली, "बसा." राजा बसला. राणीनं पुन्हा पाजलं. दिवेलागणीला पोरीनं डोळे उघडले, भोकाड पसरलं, पेज मागू लागली. राजाराणी हसू लागली, रडू लागली.

राणी म्हणाली, "बाई, उद्यापन काय करू?"

"पाच घरी जावं, पाच आयांना शिकवावं."

राणी पायी निघाली. पाच घरं झाली, पन्नास झाली, राणी काही थांबेना.

जशी हेमावतीची लेक उठून बसली, तशी तुमची आमची लेकरं उठून बसोत. ही साठां घोटांची कहाणी पांचा चमच्यांत सुफळ झाली.