आपण म्हणजे कोण

एक होता राजा, असं म्हणणार होते, पण या गावात राजाच नव्हता, बरं का. गाव होतं ग्रीस देशात, समुद्रकाठी. काही ठरवायचं झालं की सगळे बाप्ये टेकडीवर जमायचे आणि हात वर करायचे. जास्त हात वर झाले की ते पक्कं. बायकांना मात्र तिथं मज्जाव.

तिथं कालिफोन नावाचा पुढारी होता. आवाज मोठा गोड मेल्याचा. त्याला शेजारच्या गावाशी लढाई हवी होती, म्हणजे जिंकल्यावर चौकात त्याचा पुतळा बसला असता.

मग पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ते आपल्या अंजिरांना आंबट म्हणाले. आपण गप्प बसायचं?" थोडे हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगरख्यातून गुपचूप घुबड सोडलं. तिकडं घुबड देवीचं लाडकं, बरं का. पण भर उन्हात त्याला काय दिसतंय? ते एकाच्या टकलावर बसलं आणि झोपून गेलं. "देवीनं कौल दिला. आपण लढू," कालिफोन म्हणाला. आणखी हात वर झाले.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्यांच्याकडं तेलाचे रांजण भरलेत. आपण लुटून आणू." मग काय, हातच हात. निकोन कुंभारानं तर दोन्ही वर केले.

घरी त्याची बायको मिर्तो ढसाढसा रडली. मागच्या लढाईत तिचा भाऊ गेला होता, आता नवराही निघाला. रडता रडता ती थांबली. म्हणाली, "अहो, तो कालिफोन 'तुम्ही लढा' म्हणाला, की 'आपण लढू'?"

"आपण लढू."

"मग माझ्या भावाची ढाल न्या आणि त्याला द्या."

सकाळी सगळे निघायला टेकडीवर जमले. निकोननं कालिफोनपुढं ढाल धरली. "घ्या. तुमची जागा पहिल्या रांगेत."

कालिफोन दोन पावलं मागं सरकला. "अहो, मी तुम्हाला मानानं 'आपण' म्हणालो."

"असं होय. मग तेलही फक्त आमचंच?"

"छे छे, तेल आपल्या सगळ्यांचं."

टेकडीवर हशा पिकला. निकोन मात्र हसला नाही. म्हणाला, "माझा मेहुणा असाच गेला. मी घरी चाललो. कोण कोण येतंय?"

सगळे हात वर झाले. सगळ्यांच्या आधी कालिफोनचा.

मिर्तो दारातच उभी होती. नवऱ्याला बघून पुन्हा रडली, पण आता आनंदानं. पुढं दोन्ही गावं सुखानं नांदली. मिटा बघू डोळे.